आगाशीची पाटी आणि तिचे दोन कायदे

विरार स्थानकातून पश्चिमेला अर्नाळ्याकडे निघालेल्या रस्त्यावर आगाशी लागते. इतिहासात या गावाचे नाव येते ते जहाजांमुळे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे बंदर आणि येथील जहाजबांधणी इतकी भरभराटीला आलेली होती, की १५३० आणि १५३१ अशा लागोपाठ दोन वर्षी पोर्तुगीजांनी आगाशी लुटली. पुढे वसईचा तह झाला, चिमाजीअप्पांची मोहीम झाली, बंदर मागे पडले. आज बाहेरचा माणूस आगाशीला येतो तो भवानीशंकराच्या देवळासाठी, मुनिसुव्रतस्वामींच्या जैन मंदिरासाठी, किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाताना वाटेत सुकेळी घेण्यासाठी. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र यांपैकी काहीच नाही. विषय आहे तो येथील दुकानांवरच्या पाट्यांचा. अधिक नेमके सांगायचे तर, त्या पाट्या कशा असाव्यात हे ठरवणाऱ्या नियमांचा.

आपण जिला पाटी म्हणतो तिला दुकानदार ‘बोर्ड’ म्हणतो आणि कायदा ‘नामफलक’ म्हणतो. एकाच वस्तूला तीन नावे असली की तिच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजराही वेगवेगळ्या असतात असे समजायला हरकत नाही. आगाशीची निवड अशासाठी केली, की मुंबईला जे नियम शंभर वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाले ते या गावाला जेमतेम पंधरा वर्षांत एकदम भेटले. २००९ पर्यंत येथे ग्रामपंचायतीचा कारभार होता. त्या वर्षी ३ जुलै रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावे महापालिकेत नकोत म्हणून मोठे आंदोलन झाले, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली, प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे राहिले आणि २०२४ मध्ये गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय शासनाने घेतला. या वादात हरित पट्टा, पाणी, घरपट्टी यांची चर्चा पुष्कळ झाली. दुकानाच्या पाटीचा विषय कुणाच्या भाषणात आल्याचे ऐकिवात नाही, आणि तो येण्याचे कारणही नव्हते. परंतु महापालिका आली की तिच्याबरोबर तिचा कायदा येतो, आणि त्या कायद्यात पाटीवर एक स्वतंत्र कलम आहे.

ते कलम म्हणजे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम २४४. त्याचा विषय ‘आकाशचिन्हे’. शब्द थोडा काव्यात्म आहे. वाचून नक्षत्रांची आठवण होते. अर्थ मात्र रोकडा आहे. खांब, सांगाडा किंवा चौकट यांच्या आधाराने उभारलेले, जाहिरातीच्या स्वरूपाचे असे कोणतेही अक्षर, शब्द, आकृती वा प्रतिकृती, जी रस्त्यावरच्या कोणत्याही एका ठिकाणावरून पाहिली असता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते, ती आकाशचिन्ह. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय ती उभारता येत नाही आणि परवानगीही एका वेळी दोन वर्षांपलीकडे मिळत नाही. जाहिरातीसाठी सोडलेले फुगे आणि हवाई छत्र्यासुद्धा या व्याख्येत बसतात. वगळलेल्या गोष्टीही नमूद आहेत: जाहिरातीसाठी न वापरलेला ध्वजस्तंभ किंवा वातकुक्कुट, रेल्वेच्या हद्दीत लावलेला आणि केवळ रेल्वेच्याच कामकाजासंबंधीचा फलक, विक्रीला वा भाड्याने असलेल्या जागेवरची तशी सूचना, आणि भिंतीवर, कठड्यावर किंवा छपराच्या आढ्यावर पक्की बसवलेली पाटी. या शेवटच्या सवलतीला दोन अटी आहेत. पाटीचा पृष्ठभाग सलग हवा, जाळीदार नको. आणि ती भिंतीच्या माथ्यावर तीन फुटांहून अधिक उंच जाता कामा नये.

आढे, कठडा, वातकुक्कुट या शब्दांवरून वाचकांच्या लक्षात आले असेलच की ही घरे कोकणातली नाहीत. ही लंडनची घरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथे छपरांवर लोखंडी सांगाडे उभारून त्यांत सुटी, मोठाली अक्षरे बसवण्याची टूम निघाली. वादळात असा सांगाडा कोसळला तर खालच्या रस्त्यावरच्या माणसाचे काय, या चिंतेतून १८९१ मध्ये लंडनच्या आकाशचिन्हांसाठी खास कायदा झाला आणि १८९४ च्या तेथील इमारतविषयक कायद्यात त्या तरतुदींना जागा मिळाली. ती व्याख्या जवळजवळ शब्दशः मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात पुढे कलम ३२८ म्हणून आली, तेथून १९४९ च्या अधिनियमात उतरली, आणि त्यातून २००९ साली वातकुक्कुटासह आगाशीला पोहोचली. सलग पृष्ठभाग आणि तीन फूट या अटी दिसायला किरकोळ असल्या तरी त्यांच्यामागे वाऱ्याचा आणि वजनाचा हिशेब आहे. समुद्र तीन-चार किलोमीटरवर असलेल्या आणि जूनमध्ये पश्चिमेचा वारा अंगावर घेणाऱ्या गावाला तो हिशेब लंडनपेक्षाही अधिक लागू पडतो.

लंडनला ही चिंता वाटण्यामागे जुना अनुभव होता. जेकब लारवूड आणि जॉन कॅम्डन हॉटन यांनी १८६६ मध्ये पाट्यांचा एक इतिहास लिहिला. त्यात १७१८ ची एक घटना नोंदली आहे. फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका गल्लीत दुकानाची लोंबती पाटी तिच्या वजनाने घराची दर्शनी भिंत घेऊन खाली आली आणि चार माणसे दगावली. तेव्हा दुकानांना क्रमांक नव्हते आणि बहुतेकांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक दुकान एखाद्या चित्राने ओळखले जाई. शेजाऱ्याच्या पुढे आपले चित्र दिसावे म्हणून लोखंडी दांडे रस्त्यावर अधिकाधिक बाहेर येत. १७६२ पासून लोंबत्या पाट्या काढून भिंतीला सपाट लावण्याची सक्ती सुरू झाली. पाटीचा कायदा प्रथम जन्माला आला तो असा, पाटीखाली माणसे मेल्यावर. पाटीवर काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

मराठी माणसाला पाटीचा जो कायदा ठाऊक असतो तो हा नव्हे. त्याच्या मनातला कायदा अक्षरांचा आहे, आणि त्याची वंशावळ वेगळी आहे. १९४८ चा दुकाने व आस्थापना अधिनियम मुळात कामगारांसाठी झाला: कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळा. त्याखालच्या १९६१ च्या नियमांत पुढे २०-अ हा नियम आला. दुकानाचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असावा. मालकाला हवी तर इतर भाषा व लिपी वापरता येतील, मात्र मराठी मजकूर आधी यावा आणि त्याची अक्षरे इतर अक्षरांहून लहान नसावीत. महाराष्ट्रातील भाषिक राजकारणाची कित्येक वर्षे या एका उपनियमावर उभी आहेत. २००८ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मुंबईच्या दुकानदारांना २८ ऑगस्टची मुदत दिली, पाट्यांना काळे फासण्याचे प्रकार झाले, ते अनेकांना आठवत असतील. त्या आंदोलनाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. पण आंदोलनाची मागणी नवी नव्हती, नियम आधीपासूनच पुस्तकात होता, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी पुढे आली नाही.

आता हा नियम आगाशीत कसा पोहोचला ते पाहू. १९४८ चा अधिनियम एकदम साऱ्या राज्याला लागू झालेला नव्हता. अनुसूचीतली आणि नंतर अधिसूचनेने जोडलेली क्षेत्रे एवढाच त्याचा आवाका होता. त्याच्या जागी २०१७ चा नवा अधिनियम आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून सर्व महाराष्ट्राला लागू झाला. परंतु व्यवसाय सुलभ व्हावा या हेतूने त्यातून दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापने बहुतांशी सोडून दिली. २०१८ च्या नियमांत ३५ व्या क्रमांकाने मराठी पाटीची अट कायम राहिली खरी, पण किराणा, औषधे, कापड, भांडी, बेकरी असल्या दुकानांत दहा नोकर असतात कुठे? म्हणजे ज्या गावांतली दुकाने घरच्याच माणसांवर चालतात ती जवळजवळ सगळी अटीच्या बाहेर राहिली. ही पळवाट मार्च २०२२ मध्ये बंद झाली. अधिनियमात ३६-अ हे कलम घालण्यात आले आणि कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाला देवनागरी मराठी पाटी अनिवार्य झाली. त्याच कलमात मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई आहे. हेतू समजण्याजोगा आहे. वसईच्या पट्ट्यात मात्र त्यातून एक गमतीची अडचण संभवते: येथे वसई आणि अर्नाळा ही किल्ल्यांची नावे तीच गावांचीही आहेत.

न्यायालयांनी हा नियम उचलून धरला. किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०२२ रोजी पंचवीस हजार रुपयांच्या खर्चासह फेटाळली. अन्य भाषांना बंदी नसताना मराठीची सक्ती भेदभाव ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि वकिलांवर खर्च करण्यापेक्षा पाट्यांवर करा, असे व्यापाऱ्यांना सुचवले. मुदत संपताच मुंबईत तपासणी सुरू झाली. दंड कामगारामागे कमाल दोन हजार रुपये. म्हणजे अक्षरांच्या उंचीचा दंड नोकरांच्या संख्येवरून ठरतो. मूळ कायदा कामगारांचा असल्याची ही राहिलेली खूण.

अन्य भाषांना बंदी नाही, हा मुद्दा आगाशीसारख्या ठिकाणी महत्त्वाचा आहे. येथे वाडवळी आहे, कादोडी म्हणजे सामवेदी आहे, अर्नाळ्याच्या बाजूला कोळ्यांची बोली आहे, जैन व्यापाऱ्यांची गुजराती आहे. यांपैकी गुजराती तेवढी पाटीवर कधीमधी दिसते. बाकीच्या बोलल्या जातात पण त्यांना पाटी नसते. सक्ती कशाचीच नको असे म्हणणाऱ्यांनी आणि मराठीखेरीज काहीच नको असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही पातूरचे प्रकरण वाचावे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील पाटीत मराठीखाली उर्दू होती, १९५६ पासून होती. ती काढावी म्हणून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला की मराठीबरोबर उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही.

येथपर्यंतचा इतिहास वर्तमानपत्रांतून कुणालाही जुळवता येईल. प्रस्तुत लेखकाला खटकते ती गोष्ट पुढची आहे. ‘मराठी अक्षरे इतर अक्षरांहून लहान नसावीत’ या वाक्यातले ‘लहान’ मोजायचे कसे?

रोमन मोठी अक्षरे दोन रेषांच्या मध्ये मावतात. एक वरची, एक खालची. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मुख्य अंग, त्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, रकार. ‘मूर्ती’ हा शब्द घ्या: अक्षराच्या अंगाइतकीच महत्त्वाची चिन्हे त्याच्या वर आणि खाली आहेत. आता वेलांटीच्या माथ्यापासून उकाराच्या तळापर्यंतची पूर्ण उंची धरली आणि ती रोमन अक्षरांच्या उंचीइतकी ठेवली, तर नियम पाळला जातो; पण ‘म’चे अंग शेजारच्या रोमन अक्षराच्या निम्म्याच्या आसपास उरते आणि रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला मराठी ओळ स्पष्टपणे बारीक दिसते. संगणकावर दोन्ही टंकांना एकच आकडा दिला तरी तोच परिणाम होतो, कारण तो आकडा अक्षराचा नसून वरखालच्या मोकळ्या जागेसह धरलेल्या चौकटीचा असतो. शिवाय जाडीचे काय, रंगाचे काय? पांढऱ्यावर पिवळ्याने लिहिलेले दीड फुटी मराठी अक्षर कायद्याला चालते. कित्येक ठिकाणी ते तसेच लिहिलेले आढळते, आणि त्याला निव्वळ अज्ञान म्हणणे भाबडेपणाचे होईल.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने या प्रश्नाशी अधिक काळ झुंज दिली आहे. १९७७ च्या कायद्याने तेथे पाट्या केवळ फ्रेंचमध्ये असाव्यात असे ठरवले. १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. १९९३ मध्ये फ्रेंच ‘स्पष्टपणे वरचढ’ असावी ही तडजोड झाली. त्यानंतरच्या नियमांत वरचढ म्हणजे काय तेही सांगितले: फ्रेंच मजकुराची जागा दुप्पट, अक्षरे दुप्पट, आणि पाटीवरील अन्य कोणत्याही गोष्टीमुळे त्याचा दृश्य परिणाम कमी होता कामा नये. दुपटीची मागणी आपण करावी असे येथे सुचवायचे नाही. क्वेबेकला एकाच लिपीतल्या दोन भाषा मोजायच्या होत्या, तरीही त्यांना दृश्य परिणामाचा विचार करावा लागला. आपल्याकडे दोन भिन्न बांधणीच्या लिपी शेजारी उभ्या आहेत, आणि नियम मात्र दोन्ही सारख्याच घडणीच्या आहेत असे गृहीत धरून चालतो.

बरे, अक्षराचा विचार महाराष्ट्रात झालाच नाही असेही नाही. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्रणाक्षरांवरील प्रचंड ग्रंथ भाषा संचालनालयानेच १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षर संगणकावर आणण्यात आयुष्य घालवले. खुद्द शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि मराठीत पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ वापरावा असे सांगितले. पण हे सगळे एका खात्यात आणि नामफलक दुसऱ्या खात्यात. मराठी पाटी सक्तीची करणाऱ्या नियमात मराठी अक्षराच्या प्रमाणित रूपाचा उल्लेखही नाही. परिणामी टंकसंचात जो मिळेल तो हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’ पाटीवर चढतो, आणि तपासनीस समाधानाने पुढे जातो.

या दोन्ही गोष्टी, म्हणजे भिंत आणि अक्षर, पूर्वी एका माणसाच्या हातात होत्या. तो माणूस पेंटर. पत्रा किंवा लाकडी फळी भिंतीला कशी धरेल हे तो पाहत असे. मग खडूची दोरी ताणून आधी शिरोरेखेची आणि पायाची ओळ मारून घेई, वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडे, आणि राहिलेल्या जागेत इंग्रजी बसवी. त्याला २०-अ ठाऊक असण्याची गरज नव्हती. शुद्धलेखनाच्या चुका तोही करत असे, आणि त्यांवर पुण्यामुंबईच्या लेखकांनी भरपूर विनोदही केले. पण त्याची चूक त्या एका पाटीपुरती राही. २००० नंतरच्या दशकात फ्लेक्स आले. छापणारा भिंत पाहत नाही, चौकट वेल्डिंगवाला उभारतो, मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, आणि चुकीचा जोडाक्षराचा तुकडा त्याच टंकातून पन्नास दुकानांवर जातो. स्वस्त झाल्यामुळे पाटीही मोठी झाली. जी पूर्वी दाराच्या माथ्याएवढी असे ती दुकानाच्या पूर्ण रुंदीची, मग वरच्या मजल्याच्या खिडक्या झाकणारी.

या बाजूने आपले लक्ष किती कमी होते ते १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला कळले. वादळी वाऱ्यात छेडानगर येथील अजस्र जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. मुंबईत कमाल ४० × ४० फुटांना परवानगी असताना त्याची एकेक बाजू १२० फुटांच्या घरातली होती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून महापालिकेच्या परवान्याची गरज नाही असा समज करून घेण्यात आला होता. वर सांगितलेल्या जुन्या कलमातली रेल्वेची सवलत फक्त रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजाच्या फलकापुरती होती, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ चार आणि एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडला किवळ्यात पाच माणसे अशाच सांगाड्यांखाली मेली होती. त्या सांगाड्यांवरची भाषा कोणती होती हे कुणी विचारले नाही. आणि ज्या वर्षांत आपण पाट्यांवर सर्वाधिक बोललो त्याच वर्षांत सांगाडे सर्वाधिक वाढले.

ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००६ च्या कायद्याने, १ जानेवारी २००७ पासून, जाहिरातफलक सरसकट काढले आणि दुकानाच्या पाटीचा आकार दुकानाच्या दर्शनी लांबीशी जोडला: दहा मीटरपेक्षा कमी लांबीच्या दुकानाला दीड चौरस मीटर, त्याहून मोठ्याला शंभर मीटरपर्यंत चार. एवढ्या थोड्या जागेत नाव लिहायचे म्हटले की अक्षराचा विचार आपोआप करावा लागतो. आगाशीच्या बाजारपेठेतल्या जुन्या, अरुंद दर्शनी भागाच्या दुकानांना हे माप मुंबईच्या कोणत्याही मापापेक्षा जवळचे वाटावे.

आज आगाशीतल्या एका पाटीकडे दोन कार्यालये पाहू शकतात. दुकाने अधिनियमाखालचा अधिकारी अक्षरे पाहील, महापालिकेचा परवाना विभाग चौकट पाहील. एकाच्या नोंदीत दुसऱ्याची नोंद नसते. पहिल्यापुरती दुरुस्ती तरी अवघड नाही. नियमात एवढेच लिहायचे, की देवनागरी अक्षराची उंची शिरोरेखेपासून पायापर्यंत मोजावी, मात्रा आणि उकार त्यात धरू नयेत. २०१८ च्या नियमांत हे वाक्य नाही, आणि २०२२ च्या ३६-अ कलमातही ते घातले गेले नाही.